उतरून राहिली होती

पातूर, ता. ८ फेब्रुवारी १९३७

चि. गोवर्धनले अक्काचा आशीर्वाद.

सहा वर्सांत पहिलं पत्र हाय म्हणून दचकू नको. कोणी मेलं नाही. तुहे भाऊजी किसनराव बरे हायेत, मळ्यात शेवंती सरली, वांगे लय आले. मले तुह्याजवळून काहीच नको. फक्त एक विचारायचं हाय. वकिलाले विचारलं तं फी लागते, म्हणून बहीण म्हणून विचारून राहिली.

आमच्या गावात एक बाई हाय. फुलं आन भाजी घेऊन सकाळच्या मोटारीनं अकोल्याले जाते. पोळ्याच्या आठ दिवस आधी मोटार अकोल्याच्या अड्ड्यावर थांबली. बाई उतरून राहिली होती, तेवढ्यात डायवरनं मोटार हाकलली. मागचं चाक पायावरून गेलं. चार महिने पाय फळ्यांत बांधून होता. आता दोन बोटं आखूड हाय आन गुडघ्यात वाकत नाही. खाली बसताच येत नाही तं बाई खुरपण कसं करन, सांग बरं. म्हणून तिनं मोटारवाल्या शेठवर नुकसानभरपाईचा दावा लावला. भरपाई भेटली तं एक दमणी आन बैल घेईन म्हणते, म्हणजे बसल्या बसल्या फुलं बजारात नेता येतीन.

वकील धरले अकोल्याचे वामनराव. म्हातारे हायेत, तोंडात तंबाखू, डोळे मिटून आयकतात, आपल्याले वाटते झोपले. मी तिच्यासंग गेली होती. ते म्हणे, "बाई, दाव्याले नजीर लागते." मले आयकू आलं नजर लागते. म्हटलं, मीठमिरच्या ओवाळून टाकू, त्यात काय एवढं! वामनराव इतके हसले का तंबाखू कोटावर सांडली.

मंग त्याईनं समजावून सांगतलं. नजीर म्हणजे वरच्या कोर्टाचा जुना निकाल. तो पुस्तकात छापतात, आन मंग खालच्या सगळ्या कोर्टाईले तो मानाच लागते. आमच्यासारखीच एक नजीर नागपूरची हाय म्हणे. मोटारीतून उतरणारा माणूस जोवर उतरून राहिला, तोवर तो मोटारवाल्याच्या हवाली. एकदा का उतरून मोकळा झाला, मंग त्याचा तो.

मले ह्याचं लय नवल वाटलं रे. कोण कुठचा तो नागपूरचा माणूस, त्यानं पातूरच्या लेण्या पायल्या नसतीन का गाव पायलं नसन, आन त्याचा पाय आमच्या बाईच्या पायाले सोडवते! रात्रंदिवस तेच डोक्यात घोळून राहिलं. आता मले हे सांग. ज्यानं सगळ्यात आधी दावा केला, त्याच्यासाठी कोणती नजीर होती? पहिल्याले कोण सोडवते?

उत्तर देजो. नाही देलं तरी चालन.

तुही अक्का
सत्यभामा

पातूर, ता. १४ मार्च १९३७

चि. गोवर्धनले आशीर्वाद.

तुहं कार्ड पोचलं. साडेतीन ओळी. "सदर स्त्रीने आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. मी अमरावतीस मोटारमालकांची कामे पाहतो, सबब मत देणे उचित नाही." वा रे वा! हे म्या मोठ्यानं वाचलं तं तुहे भाऊजी विचारतात, "सदर म्हणजे काय व?" म्हटलं, सदर म्हणजे मी.

हाव बाबा. ते सदर स्त्री मीच हाय. तुले पहिल्याच पत्रात समजलं असन, वकील हायेस. मीठमिरच्याचं वाचून तरी समजाले पाहिजे होतं, गावात एवढी येडी दुसरी कोण हाय?

म्या लपवलं कारण पाय मोडला तवा तुले कळवलं नाही. भाऊजी म्हणे कळव. मी म्हटलं काहून? त्याले बोली नाही समजत आपली. आता तू म्हणशीन का अक्का अजून तेच धरून बसली. हाव, धरून बसली. धराले हात तं बरे हायेत ना माहे.

तू मोटारवाल्याईचा वकील हायेस हे मले ठाऊक नव्हतं. ठीक हाय, ज्याचं त्याचं पोट. पण एक गंमत पाह्य. तुह्या कपाटातही तेच पुस्तक असन आन वामनरावाच्याही कपाटात तेच. एकाच पुस्तकातून एक जण माहा पाय सोडवन आन दुसरा मोटारवाल्याची मान. मंग पुस्तक कोणाच्या बाजूचं? हे विचारलं तं उचित हाय का अनुचित, ते कार्डावर कळवजो.

तुही
सदर अक्का

पातूर, ता. २९ ऑगस्ट १९३७

चि. गोवर्धनले आशीर्वाद.

मी हरली. तू कळवलं नाही तरी मी कळवून राहिली, कारण कसं हरली ते मलेच समजलं नाही.

खालच्या कोर्टात माही साक्ष झाली. जज्जसाहेब कोकणातले, माणूस भला. पाय पाहून मले स्टूल देलं बसाले. विचारलं, "मोटार सुरू झाली त्या वेळी तुम्ही काय करत होता?" म्या सांगतलं, "साहेब, मी उतरून राहिली होती." कारकुनानं जसंच्या तसं लिहिलं. साहेबानं आपल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं. माह्या मनात काही आलं नाही. खरं ते सांगतलं होतं.

मंग रजियाबीची साक्ष. तुले इनायतुल्ला चुडीवाला आठवत असन, त्याची बायको. आमी दोघी एकाच मोटारीनं जात असतो, ती चुड्या घेऊन आन मी फुलं. त्या दिवशी ती आधी उतरली, म्या तिच्या हातात टोपली देली. देवाची फुलं पायाशी येऊ द्यायची नाहीत, म्हणून आमी माळ्याच्या बाया आधी टोपली खाली देतो आन मंग दांडी धरून उतरतो, तू लहानपणापासून पायत आला. रजियाबीनं कोर्टात छातीठोक सांगतलं, "साहब, सत्तो उतर रही थी. मैं उसकी टोकरी लेके खड़ी थी." मोटारवाल्याचा वकील उठला आन म्हणे, टोपली खाली आली म्हणजे बाई खाली आलीच. अरे, टोपलीले पाय असतात का?

निकालात काय लिहिलं ते वामनरावानं मराठीत सांगतलं. वादी बाई स्वतःच म्हणते का ती "उतरून राहिली होती", म्हणजे खाली उतरली आन तठीच उभी राहिली. तिची साक्षीदारीण म्हणते ती उतरत होती. वादीचा साक्षीदार वादीलेच खोटं पाडते, तं रजियाबीवर भरोसा ठेवता येत नाही. आन ती नागपूरची नजीर म्हणते, उतरून मोकळा झाला मंग त्याचा तो. दावा खारीज!

पाह्य बरं. जी नजीर मले तारणार होती तिच्याच हातानं मले बुडवलं. वामनराव कपाळ धरून बसले. म्हणे, "सत्यभामाबाई, तुम्ही ते वाक्य बोलला तवा मलेही ते उतरत होती असंच आयकू आलं, मीही असंच बोलतो, म्हणून मी उठलोच नाही." पन्नास वर्सं वकिली करून म्हातारा लेकरासारखा ओशाळला. मलेच त्याची कीव आली.

रजियाबी तं लय भडकली. म्हणे, "मैं झूठी? तूने ही मुझे झूठी बना दिया!" दोन दिवस माह्याशी बोलली नाही.

तुही
अक्का

पातूर, ता. ३ जून १९३८

चि. गोवर्धनले आशीर्वाद.

अपीलही गेलं. तठीही साहेबानं ते वाक्य तसंच वाचलं. आता नागपूरचं हायकोर्ट तेवढं उरलं. वामनराव म्हणतात माह्याच्यानं आता नागपूरले उभं राहणं होत नाही, कोणी जवान वकील पाहा.

म्हणून आता आडपडदा ठेवत नाही. तू उभा राह्य.

काहून तूच, ते सांगते. तुह्या लग्नात मी पोळ्या घेऊन पंगतीत फिरून राहिली होती. तुह्या मामेसासऱ्यानं, पुण्याच्या, विचारलं, "ताई, तुम्ही जेवायला नाही बसलात?" म्या म्हटलं, "मी वाढून राहिली." तो म्हणे, "वाढून राहिल्या? वाढून कुठे राहिल्या?" अख्खी पंगत हसली. म्या तुह्याकडं पायलं तं तू बी हसून राहिला होता. मंग तू माजघरात येऊन म्हटलं, "अक्का, पाहुण्यांसमोर तू जरा कमी बोल." ज्या पोट्ट्याले म्या बोलायले शिकवलं, माय मेल्यावर ज्यानं पहिल्यांदा "भूक लागून राहिली" म्हटलं ते मले, तो मले म्हणे कमी बोल! मी पोळीचं ताट चुलीपाशी ठेवलं आन उपाशी टेसनावर गेली. सात वर्सं झाले.

पण गोवर्धन, आता शांत डोक्यानं विचार केला तं एक गोष्ट ध्यानात आली. वामनरावाले ते वाक्य एकाच तऱ्हेनं आयकू येते. जज्जसाहेबाले दुसऱ्याच तऱ्हेनं. दोघंही इमानदार. पण तू त्या दिवशी हसला, म्हणजे तुले दोन्ही आयकू आलं. दोन्ही आयकू येते तोच हसते. असा वकील अख्ख्या वऱ्हाडात मले दुसरा कोठी भेटन?

लहानपणी तू पुण्याची बोली शिकून आला तवा मले वाटलं पोरगा परका झाला. आता वाटते, तेच कामी येते का पाहू.

आन एक गोष्ट. कोणी विचारली नाही म्हणून म्या कोर्टात सांगतली नाही, आन दावा मोडन ह्या भेवानं वामनरावालेही सांगतली नाही. मोटार हालली तवा माहा डावा पाय जमिनीवर टेकला होता. उजवा पायरीवर होता. एक खाली, एक वर. तुले खोटं सांगून तुले उभं करायचं नाही मले. तं आता तूच सांग, ह्याले काय म्हणाव? मी उतरली होती का उतरून राहिली होती? मोटारवाल्याईची कामं सोडा लागत असतीन तं नको येऊ, पण ह्याचं उत्तर दे. झोपेतही हेच विचारून राहिली मी स्वतःले.

तुही
अक्का

पातूर, ता. २२ जानेवारी १९३९

चि. गोवर्धनले आशीर्वाद.

नागपूरहून आल्यापासून पाय सुजला हाय, पण मन ताजं हाय. तुले तोंडावर विचारता आलं नाही ते विचारून घेते.

तू बडनेऱ्याले गाडीत चढला, पाया पडला आन खिडकीबाहेर पाहत बसला. मनात म्हटलं ह्यानं आधी बोलाव. धामणगाव आलं तवा तू पहिलं वाक्य काढलं, "अक्का, खाली होता तो डावाच ना? पक्कं?" आठ वर्सांनी भाऊ बोलला आन काय बोलला! मले हसूच आवरेना. तू बी हसला. समोरची बाई आपल्याले येडे समजली असन.

कोर्टात मले एक अक्षर समजलं नाही. सगळी इंग्रजी. पण मधात मधात "उतरून राहिली होती" येत जाये. म्या मोजलं, सात खेपा. एवढ्या मोठ्या कोर्टात, पंख्याखाली, काळा कोट घालून माहा भाऊ माह्या बोलीतलं वाक्य सात खेपा बोलला आन कोणीच हसलं नाही. मले रडू आलं ते कशाचं ते तुले नाही सांगत.

बाकीचं वामनरावानं सांगतलं, ते मांगच्या बाकावर बसले होते. म्हणे, तू माही आन रजियाबीची साक्ष एकमेकीशेजारी ठेवली. "उतर रही थी" आन "उतरून राहिली होती", एकच गोष्ट, एक मुसलमानाच्या घरातली आन एक माळ्याच्या. वऱ्हाडात दोनी घरं शेजारी हायेत, तशा दोनी बोल्या शेजारी हायेत. साक्षीदार वादीले खोटं पाडत नाही, खरं ठरवते. आन पायाचीही गोष्ट तू लपवली नाही. साहेबाले सांगतलं, एक पाय खाली आन एक वर असते त्यालेच आमच्याकडं उतरून राहिली म्हणतात, दुसरा शब्दच नाही. हे आयकून म्या कपाळावर हात मारला. एवढं सोपं होतं आन मी अडीच वर्सं भेऊन राहिली होती!

मंग म्हणे साहेबानं विचारलं, वकीलसाहेब, तुम्हाले ही बोली एवढी कशी माहीत? तू काय सांगतलं ते वामनराव मले सांगत नाहीत. डोळे मिटून घेतात. तूच सांग.

आणिक एक. मोटारवाल्याईनं तुह्याजवळून आपली कामं काढून कागद परत नेले हे खरं हाय का? रजियाबीच्या जावयानं अमरावतीहून बातमी आणली. खरं असन तं लपवू नको. लपवायचं काम आपल्या घरात मी एकटीच करून राहिली, तेवढं बस हाय.

तुही
अक्का

पातूर, ता. २ नोव्हेंबर १९३९

चि. गोवर्धनले आशीर्वाद.

भरपाईच्या पैशाची दमणी आली! बैल खिलारी नाही, पण मानूसघाणा नाही, गरीब हाय. मी टोपलीसंग पुढं बसते, टोपली मांडीवर, पायाशी नाही. रजियाबी मांगं चुड्या घेऊन बसते आन सगळ्या रस्त्याले तुहे गुण गाते. "तेरे भाई ने मेरी इज्जत रख ली, सत्तो." निकालात तिचं नाव खरी साक्षीदार म्हणून आलं, हे तिनं इनायतुल्लाले चार खेपा वाचाले लावलं. त्याले इंग्रजी येत नाही, तरी वाचाले लावलं.

वामनरावानं मले ते पुस्तक दाखवलं. माह्या निकालाची आता नजीर झाली. इंग्रजीच्या किड्यामुंग्यांत मधातच देवनागरीत छापलं हाय, "उतरून राहिली होती". चवथी शिकलेल्या बाईचं वाक्य! म्या त्यावर बोट फिरवून पायलं. वामनराव म्हणे शाई निघन, म्हटलं निघू द्या.

आता गंमत आयक. आमच्या मोटारीचा कंडक्टर आता सुटायच्या आधी ओरडते, "उतरले का उतरून राहिले?" आन अड्ड्यावरचे सगळे मांगून ओरडतात, "उतरून राहिलो!" शेठचा हुकूम हाय म्हणे, उतरलो असं उत्तर आल्याबिगर मोटार हालवायची नाही. म्हाताऱ्या बाया आता दांडी धरून सावकाश उतरतात, कोणी हाकलत नाही. हे मले सगळ्यात गोड वाटलं.

पण दुसरी बाजू बी सांगते. वकील लोक आता पाय मोडलेला माणूस आला का सगळ्यात आधी विचारतात, "उतरून राहिला होता का?" आन माणूस काय येडा हाय, तो हावच म्हणते. तेल्हाऱ्याचा एक जण वामनरावाकडं आला, तो म्हणे मी उतरून राहिलो होतो. वामनरावानं डोळे मिटून आयकून घेतलं आन विचारलं, "कशातून?" तं म्हणे, "झाडावरून!" त्याले हाकलला. पण सगळे असे भोळे थोडेच हायेत? म्या खरं बोलली ते वाक्य आता शिकवून बोलता येते. मंग जज्जानं खरं कोणतं आन पढवलेलं कोणतं हे कसं ओळखाव? तू वकील, तुले ठाऊक असन. नसन तं आपण दोघं मिळून विचार करू.

आन मागच्या हप्त्यात दर्यापूरकडची एक बाई मले हुडकत आली. तिचाही पाय तसाच. तिच्या वकिलानं सांगतलं म्हणे, पातूरच्या बाईची नजीर हाय, भेऊ नको. ती माह्याकडं पाहतच राहिली. म्हणे, "तुमीच का त्या?" तवा मले माहा पहिला प्रश्न आठवला, पहिल्याले कोण सोडवते. त्याचं उत्तर तू कार्डावर देलं नव्हतं. आता नको देऊ, मले सापडलं. पहिल्याले त्याचं घरचं माणूस सोडवते.

वामनराव पण फुटले एकदाचे. नागपूरच्या साहेबाले तू काय सांगतलं ते काल त्याईनं सांगतलं. "ही बोली मला माझ्या बहिणीनं शिकवली." एवढंच! आन ते मले दहा महिने सांगत नव्हते, म्हणे तुम्ही रडसान. रडलीच मी. चुलीपाशी बसता येत नाही आता, तं ओसरीत उभ्यानं रडली.

तुहं कार्ड काल आलं. ह्या खेपेले साडेतीन ओळी नाहीत, अर्धीच ओळ. "अक्का, भाऊबीजेला येऊन राहिलो." बाकी कार्ड कोरं.

आता हे वाक्य म्या दोनी तऱ्हेनं वाचून पायलं. वऱ्हाडीत वाचलं तं तू वाटेवर हायेस. पुण्याच्या बोलीत वाचलं तं तू आला आन राहिला. तुहे भाऊजी म्हणतात तो वऱ्हाडी हाय, वऱ्हाडीतच वाच. मी म्हटलं, थांबा, तो दोनी जाणते. पुरणाची दाळ भिजू घालायची हाय, एका दिवसाची घालू का आठ दिवसांची, ते लवकर कळव.

तुही
अक्का